सगळ्यांची वहिनी

वडील आणि त्यांची सगळी भावंडं आपल्या आईला ‘वहिनी’ म्हणत. एकत्र कुटुंब. धाकटे दीर दिवसभर ‘वहिनी, भूक लागली’, ‘वहिनी, माझा पंचा कुठंय’ करत असायचे. पोरांच्या कानावर पडलं तेच तोंडात बसलं. आम्हा नातवंडांना त्यात कधी वावगं वाटलं नाही. वंशावळ मांडायला बसलो तेव्हा मात्र अडलो.

काकांनी मुंबईहून धाडलेलं एक पोस्टकार्ड हाती आलं. शाई विटलेली, वर ‘श्री’, मायना ‘ती. वहिनींस शि. सा. न. वि. वि.’ ही वहिनी कोण, आमची थोरली काकू की आजी? आत्यानं कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि ‘ती.’वर बोट ठेवलं. “अरे, भावजयीला ‘ती. स्व.’ लिहिलं असतं. नुसतं तीर्थरूप आईवडिलांनाच.” एवढ्याशा ‘स्व.’च्या नसण्यानं आमचं कोडं सोडवलं!

पुरुषांची नावं तशी हरवत नाहीत. आजोबांचं नातवाला जातं. पेशव्यांच्या घरात बघा: विश्वनाथांचे बाळाजी, त्यांचे विसाजी, म्हणजे थोरले बाजीराव, आणि बाजीरावांचे पुन्हा बाळाजी, ते नानासाहेब. विसाजी हे विश्वनाथाचंच घरगुती रूप. पण सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, मग त्या नावाच्या पोराला हाक कशी मारणार? म्हणून घरोघरी बाळ, बापू, नाना. कागदावर एक, ओठांवर दुसरं.

बायकांचं तर मूळ नावच पुसलं जाई. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहायचं, की जुनं संपलं. रमाबाई रानडे आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी, दोघीही माहेरच्या यमुना. त्या नावारूपाला आल्या म्हणून हे आपल्याला ठाऊक तरी आहे. आमच्या आजीचं कोण लिहून ठेवणार? तक्त्यात तिची चौकट सापडली, पण आत लिहायला ठाऊक होतं ते सासरचंच नाव.

आत्याला विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मामा भाऊबिजेला आला की ओटीवरूनच हाक मारायचा, ‘गोदेऽऽ’. हातातलं काम टाकून धावायची रे वहिनी. एरवी तिला कधी धावताना पाहिलं नाही.”

चौकटीत ‘गोदावरी’ लिहिलं. सासरचं नाव त्याखाली, कंसात.