साडेसात टक्क्यांची दोरी

२०१५ च्या दिवाळीत देवास जिल्ह्यातल्या पीपलरावांला मामांकडे गेलो होतो. गहू-हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस, दारात ट्रॅक्टर, शेजारी डिझेलचे कॅन. देवासकडे तेलाचा भाव म्हटलं की सोयातेल समजतात. मामांनी मात्र खनिज तेलाचं विचारलं. "जगात भाव निम्म्यावर आला म्हणतात, मग डिझेल तेवढं का उतरत नाही? आणि तेलविहिरीवाले शेठ आता निवडणुकीला पैसा कुठून देणार?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. डिझेलवर लिटरमागे १३.४७ रुपये. घसरणीचा मोठा हिस्सा तिजोरीत गेला.

दुसरा प्रश्न माझ्या धंद्यातला. कंपन्यांचे ताळेबंद तपासण्यात माझं आयुष्य गेलं, आणि देणगीची ओळ मी नेहमी थांबून वाचतो. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय पक्षांना पैसे देण्यासाठी आपल्या घटनापत्रात बदल हवा होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला, पण मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी लोकशाहीला असलेल्या धोक्याचा इशारा निकालातच लिहून ठेवला. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली, पण मर्यादा घालून. २०१३ च्या कंपनी कायद्यात ती मर्यादा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के झाली. ही दोरी मला फार मोलाची वाटते. तेल उतरलं, नफा आटला, की वर्ष-दोन वर्षांत देणगीही आपोआप आखडणार.

२०१७ च्या वित्त कायद्याने ती दोरी कापली. पक्षाचं नाव हिशेबात दाखवण्याची अटही गेली. उरला फक्त एकूण आकडा.

वेदांताचं उदाहरण घ्या. बाडमेरच्या तेलविहिरी याच समूहाच्या. २०२० च्या मार्च तिमाहीत कंपनीने १२,५२१ कोटींचा तोटा दाखवला. तेल कोसळल्याने विहिरींचं पुस्तकी मूल्य घटवावं लागलं, हे त्याचं मोठं कारण. तरी २०२१-२२ मध्ये तिने १२३ कोटी आणि पुढच्या वर्षी १५५ कोटी निवडणूक रोख्यांतून, म्हणजे देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणाऱ्या रोख्यांतून, पक्षांना दिले. जस्त आणि ॲल्युमिनियमने तिला सावरलं, हेही सांगायला हवं. एका मालाची घसरण अशा समूहाला पुरती रिकामी करत नाही.

तेल उतरलं तरी देणगी थांबत नाही, हे अमेरिकेतही दिसलं. जून २०१४ मध्ये पिंपामागे ११५ डॉलरवर गेलेलं ब्रेंट जातीचं कच्चं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं. या घसरणीतच टेक्सासच्या विल्क्स बंधूंनी आणि त्यांच्या पत्नींनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या टेड क्रूझ यांच्या बाजूच्या समित्यांना दीड कोटी डॉलर दिले. या बंधूंनी आपला फ्रॅकिंगचा, म्हणजे खडक फोडून तेल-वायू काढण्याचा, व्यवसाय २०११ मध्येच, भाव चढे असताना विकला होता. पैसा आधीच हाती आला होता.

मामांना मी त्या दिवशी म्हणालो होतो, कायद्यात नफ्याची अट आहे, हात आखडेल. दोन वर्षांत ते उत्तर खोटं पडलं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले आणि मर्यादा काढणारी दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली. त्या संध्याकाळी मी पीपलरावांला फोन लावला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि सात वर्षांत जे दिलं-घेतलं, ते?"