गजकर्णाची गोष्ट

आमच्या तुंगार्लीचा पाऊस पाहुण्यांना दोन दिवस भेटतो, आम्हाला चार महिने. दोरीवरचे कपडे आठवडाभर दमट, चपलांवर बुरशी. मग तिची एखादी भावकी माणसाच्या अंगावर उगवली तर नवल ते काय!

हेच ते गजकर्ण, म्हणजे नायटा. इंग्रजीत त्याला ‘रिंगवर्म’ म्हणतात, पण त्यात किडाबिडा काही नसतो. ही बुरशी त्वचा, केस आणि नखांतल्या केराटिनवर जगते. कडेने पसरत जाते आणि मधला भाग निवळतो, म्हणून गोल कडं दिसतं.

शाळेत ज्या मुलाच्या मानेवर असा चट्टा दिसे, त्याच्याजवळ कुणी बसत नसे. म्हणून मुलं लपवत. बायका तर जास्तच, कारण जागाही अवघड.

शेजारच्या सूनबाईंनी असंच लपवलं. मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली, महिन्याभरात दुप्पट पसरलं आणि धाकट्यालाही झालं. शेवटी मला दाखवलं, तेव्हा डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, “अगं, यात लाजायचं काय? चल त्वचेच्या डॉक्टरांकडे.”

डॉक्टरांनी सांगितलं, ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. ते लाली आणि खाज दाबतं, त्याबरोबर त्वचेची लढण्याची ताकदही. बुरशीला रान मोकळं! २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

आणखी एक. नेहमीच्या टर्बिनाफिनला अनेकदा दाद न देणाऱ्या एका बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव दिलं. नावातच आपला देश! २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडली.

तेव्हा मंडळी, खाज थांबली म्हणजे रोग गेला असं नाही. डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध पूर्ण घ्यायचं. घरात आणखी कुणाला असेल तर त्याचेही उपचार सोबतच. टॉवेल वेगळा, कपडे सैल सुती. ऊन नसेल तर कपड्यांवर इस्त्री फिरवायची.

सूनबाई आता बऱ्या आहेत, धाकटाही. पण तीन महिने लागले. लाज वाटली नसती तर तीन आठवड्यांत भागलं असतं कदाचित.