आजोबांचा ट्रक आणि नवे इंजिन

आमच्या घरी एक ट्रक आहे, आणि तो वयाने आमच्या बाबांहूनही वडील आहे. 1954 साली टाटांनी जर्मनीच्या डायमलर-बेन्झ कंपनीशी करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. हा करार 1969 पर्यंत चालला. आमचा ट्रक त्या काळातला, 1964 सालचा. त्याच्या लांबट नाकावर तीन टोकांचा तारा आहे आणि तो पुसण्याचे काम लहानपणापासून आमच्याकडे आहे. आजोबांनी या ट्रकने उकव्याच्या खाणीतले मँगनीज वाहिले आणि पुढे गोंदियाच्या गिरण्यांना धान वाहिले. बालाघाटहून बैहरकडे चढणारा घाट त्यांना तोंडपाठ आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याच्या जुन्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला. भंगारवाला दारात येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला. त्या रात्री आजोबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाबांनी अपघातात सापडलेल्या एका नव्या मालवाहू गाडीचे डिझेल इंजिन विकत घेतले. मोटारवाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे परवानगीचे कागद केले आणि आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांच्या हाती सारे सोपविले.

इंजिन बसविण्यास एक महिना लागला. पाये नवे वेल्ड केले, जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी पोलादी तबकडी खरादीवाल्याकडून करून घेतली. पण किल्ली फिरविली तेव्हा इंजिन नुसते गरगरले, पेटले नाही. जुन्या इंजिनाला डिझेल आणि हवा मिळाली की ते चालू होई, एरवी त्याची काही तक्रार नसे. या नव्याला एक संगणक आहे. ताडपत्रीखाली झाकलेला तो ॲल्युमिनियमचा डबा आम्हांला टिफिनासारखा वाटला. तो डबा आपली स्वतःची किल्ली शोधत होता. किल्लीतली खूण ओळखल्याखेरीज तो डिझेल सोडत नाही. मिस्त्रीकाका हात पुसत म्हणाले, "हे माझ्या पान्याचं काम नव्हे गा."

मग नागपुराहून एक तरुण आला. त्याच्याजवळ एक लॅपटॉप आणि एक तार होती, बाकी हत्यार काहीच नव्हते. आम्ही त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो, आणि त्या आठ दिवसांत पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातली कित्येक पाने आम्हांला पहिल्यांदा कळली.

या इंजिनात डिझेल एका जाड नळीत भयंकर दाबाखाली साठविलेले असते. इंजिन निवांत चालत असता तो दाब तीनशे बारच्या आसपास असतो आणि ओझ्याखाली सोळाशेपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरात तो दोन-अडीच बार असतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. त्या नळीतून किती डिझेल सोडायचे हे संगणक एका तक्त्यात पाहून ठरवितो. तक्ता अगदी पाढ्यांच्या तक्त्यासारखा: आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत पायाने दाबलेले पॅडल, आणि प्रत्येक घरात एक आकडा, म्हणजे एका ठिणगीविना होणाऱ्या स्फोटासाठी लागणाऱ्या डिझेलचे मिलिग्रॅम. पॅडलमधून दोन संदेश निघतात. ते एकमेकांशी जुळले नाहीत तर संगणक घाबरून इंजिनाचा जोर आपण होऊन कमी करतो. आमच्या जुन्या पॅडलला तर नुसती एक सळई होती. नवे पॅडल बसवावे लागले. आजोबांनी त्यावर पाय ठेवून पाहिला आणि म्हणाले, "यात काहीच लागत नाही पायाला."

अखेर इंजिन चालू झाले. आजोबा बाजेवर बसले होते. पाच मिनिटांनी त्यांनी विचारले, "चालू कधी करणार?"

यापुढची चूक आमच्या घरची आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. तो तरुण म्हणाला होता की इंजिनाचा पीळ, ज्याला मिस्त्रीमंडळी टॉर्क म्हणतात, तो खालच्या फेऱ्यांत कमी करू, कारण टर्बो लागताच हा पीळ एकदम येतो आणि जुन्या गिअरबॉक्सचे दाते त्यासाठी घडविलेले नाहीत. बाबा म्हणाले, "पैसे पुऱ्या जोराचे दिले आहेत." आम्हीही बाबांच्याच बाजूने बोललो, कारण शाळेत सांगण्यासारखा ट्रक आम्हांला हवा होता. कारखान्यातला मूळ तक्ता जसाच्या तसा राहिला.

धानाची चाळीस पोती भरून आम्ही निघालो. गांगुलपाऱ्याचा तलाव मागे टाकला, घाट लागला. तिसऱ्या वळणावर बाबांनी दुसरा गिअर टाकून पॅडल दाबले, तोच पायांखाली बंदुकीसारखा आवाज झाला. इंजिन चालतच होते, पण चाकांपर्यंत काही पोहोचत नव्हते. ट्रक मागे सरकू लागला. क्लीनरने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला, दुसरा दगड आम्ही लावला. मागे दरी होती. बाबांनी हातब्रेक धरून ठेवलेला हात दुसरा ट्रक मदतीला येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या गिअरचे चार दाते गेले होते. जुना गिअर नागपुराच्या भंगारात सापडण्यास सात आठवडे लागले. त्या काळात घरी कोणी कोणाला काही म्हणाले नाही, आणि तेच अधिक जड गेले.

तरुण परत आला तेव्हा बाबांनी त्याला एवढेच सांगितले, "तुम्ही म्हणाल तसं." त्याने प्रोपेलर शाफ्टवर वेग मोजणारा सेन्सर बसविला, टायरचा घेर मोजून त्याचे गणित जुळविले, आणि अठराशे फेऱ्यांखालचे आकडे उतरविले. मिस्त्रीकाका म्हणत होते, "थोडा काळा धूर येऊ द्या, त्याशिवाय जोर कळत नाही." तरुणाने ते मानले नाही, धूर रोखणारी कोणतीच व्यवस्था त्याने बंद केली नाही. याबाबतीत तोच बरोबर होता असे आमचे मत आहे.

मग तीन संध्याकाळी घाटातल्या फेऱ्या झाल्या. बाबा चालवीत, तरुण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसे, आम्ही मधे बसून फेरे मोठ्याने वाचत असू. खिडकीपाशी आजोबा. इंजिन त्यांना ऐकू येत नव्हते, परंतु त्यांनी चप्पल काढून तळवा पत्र्यावर टेकविला होता. "इथं," ते म्हणत, "इथं दात रगडतो." आम्ही फेरे सांगू, पंधराशे चाळीस. तरुण त्या घरातला आकडा दोनने कमी करी. कुठे आजोबा म्हणत, "आता उगाच अडतो आहे," तिथे तो आकडा वाढे. तिसऱ्या संध्याकाळी उकव्यापर्यंत ते काही बोलले नाहीत. तिथे चहा घेताना त्यांनी विचारले, "हे सगळं लिहिलं कुठं आहे?"

तरुणाने लॅपटॉप दाखविला. आजोबांनी मान हलविली. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक वही आहे. तीत जुन्या इंजिनाच्या टॅपेटची माने, पंपाचे टायमिंग, तेल बदलल्याच्या तारखा, सारे त्यांच्या हाताने लिहिलेले आहे. ती त्यांनी घरी आल्यावर आमच्यापुढे ठेवली.

तक्त्यात सोळा ओळी आणि सोळा रकाने, म्हणजे 256 आकडे आहेत. आम्हांला दोन रात्री लागल्या. वहीतली पाने संपली, म्हणून शेवटच्या तीन ओळी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस लिहिल्या आहेत.