ठेव

परतवारीच्या दिवसांत नरसीच्या आमच्या जुन्या घरीं एकान्त म्हणून मिळत नाहीं. पंढरीची आषाढी आटोपून निघालेल्या दिंड्या वद्य एकादशीला नामदेवांच्या या जन्मगांवीं येतात, कयाधूच्या कांठीं माणसांचा पूर लोटतो, आणि आमच्या ओसरीपासून परसापर्यंत जेथें पाठ टेंकतां येईल तेथें वारकरी पथारी टाकतात. त्यांना 'कोण, कोठले' असें विचारण्याची आमच्या घराची रीत नाहीं. या रीतीचा मला लहानपणापासून फार अभिमान. गेल्या परतवारीला त्या अभिमानाला तडा गेला, आणि त्याला निमित्त झाली एक इंग्रजी बालकादंबरी.

माझी दहा वर्षांची पुतणी वाचनाच्या बाबतींत अग्नीसारखी आहे. पुढें टाकावें तें भस्म! भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तिनें केव्हांच फस्त केला. म्हणून मीं इयान सेरेलियरची 'दि सिल्व्हर स्वोर्ड' ही १९५६ सालची कादंबरी बरोबर नेली होती. सेरेलियर पेशानें शाळामास्तर आणि पंथानें क्वेकर, म्हणजे युद्ध हेंच पाप मानणारा. बाहेर पाऊस, ओसरीवर टाळांचा गजर, आणि माजघरांत मी तिला एकेक प्रकरण मराठींत सांगत बसलेला, असा आमचा क्रम चालला होता.

वॉर्सांतल्या एका हेडमास्तरांना नाझी शिपाई पकडून नेतात, त्यांच्या पत्नीला जर्मनींत मजुरीसाठीं धाडतात, घर सुरुंगानें उडवितात. आणि रूथ, एडेक व ब्रोनिया हीं तीन भावंडें छपरांवरून निसटतात. पुढें त्यांना जान नांवाचा एक उनाड, अनाथ पोरगा भेटतो. त्याच्या लांकडी पेटींत चांदीची इवलीशी तलवार असते. खरें म्हणजे ती कागद कापण्याची सुरी. परंतु ती त्याला या भावंडांच्या वडिलांनींच दिलेली असल्यामुळें तिच्यांत सगळ्या घराचें गुपित सांठलेलें. तिच्या आधारें हीं चार पोरें आईबापांच्या शोधांत पोलंडहून स्वित्झर्लंडपर्यंत जातात.

वाटेंत बव्हेरियांतला एक शेतकरी त्यांना ठेवून घेतो. त्याचे दोन्ही मुलगे युद्धांत मेलेले असतात. पोलिश निर्वासितांना माघारीं पाठविण्याचा हुकूम येतो, तेव्हां हा जर्मन मनुष्य आपल्या होड्या काढून देतो आणि त्या पोरांना नदीच्या वाटेनें पळवितो. येथें माझ्या श्रोत्रीनें मला थांबविलें.

"काका, तो जर्मन ना? आणि मुलं पोलिश. मग त्याला त्यांचा राग नाही आला?"

तीस वर्षें शोकांतिकांवर व्याख्यानें देणाऱ्या माणसाला या प्रश्नाचें उत्तर चटकन् देतां यावयास हवें होतें. तें आलें नाहीं म्हणून मीं अध्यापकांची नेहमींची युक्ति केली. विषय थोडा बाजूला नेला. म्हटलें, हे पोलिश निर्वासित आपल्या महाराष्ट्रांतही येऊन राहिले होते. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून १९४८ पर्यंत त्यांची सुमारें पांच हजारांची वसाहत होती. रशियाच्या अतिदूर मुलुखांतून सुटून इराणमार्गें आलेलीं हीं माणसें. त्यांत बायका आणि मुलेंच अधिक. पंचगंगेच्या खोऱ्यांत त्यांच्या शाळा भरत, प्रार्थना होत.

पोरीचे डोळे चमकले. वॉर्सा दूर राहिलें. कोल्हापूर तर तिनें पाहिलेलें आहे! तिनें लगेच विचारलें, "आणि आपल्या घरी कोणी आलं होतं का, असं लपायला?"

खरें सांगावयाचें तर या प्रश्नाची मी वाटच पाहत होतों. आमच्या माजघराच्या कोंपऱ्यांत एक जुनें शिवणयंत्र आहे. त्याला कोणी हात लावीत नाहीं; दसऱ्याला मात्र त्याच्यावर फूल पडतें. त्याची कथा मीं तिला सांगितली. १९४८ सालीं आपला हा भाग परभणी जिल्ह्यांत, म्हणजे निजामाच्या राज्यांत होता. रझाकारांचा जुलूम वाढला तसे कित्येक लोक सरहद्द ओलांडून वऱ्हाडांत गेले. आपले आजोबाही उन्हाळ्यांत बिऱ्हाड गाडींत घालून कनेरगांव नाक्यापलीकडे, वाशिमकडे गेले. त्या चार महिन्यांत त्यांचें कापडाचें दुकान आणि हें घर राखलें तें दुकानाच्या ओट्यावर यंत्र घेऊन बसणाऱ्या एका मुसलमान शिंप्यानें. १३ सप्टेंबरला भारतीय फौज शिरली, १७ तारखेला निजाम शरण आला, आजोबा परतले. घरांतली सुईसुद्धां हललेली नव्हती. पुढें दिवस उलटे फिरले आणि त्या शिंप्यालाच गांव सोडावें लागलें. जातांना त्यानें आपलें यंत्र आजोबांपाशीं ठेवलें. तो पुन्हां आला नाहीं. परंतु आपण त्याची ठेव जशीच्या तशी जपली.

हीच कथा मीं एकदां मुक्तिसंग्रामदिनाच्या समारंभांत भाषणांत सांगितली होती. श्रोत्यांनीं टाळ्याही वाजविल्या होत्या.

पलीकडे खाटेवर माझी आत्या जपमाळ घेऊन पडली होती. वय शहाऐंशी. ती ऐकत आहे हें माझ्या ध्यानांतच नव्हतें. ती उठून बसली आणि म्हणाली, "जातांना नाही रे ठेवलं. तो ठेवायला आला नव्हताच. राहायला आला होता."

त्या वेळीं आत्या नऊ वर्षांची होती. रात्रीं कडी वाजली म्हणून ती जागी झाली. दारांत शिंपी, त्याची बायको, दोन पोरें आणि डोक्यावरून आणलेलें तें यंत्र. शेजारच्या गांवाहून जमाव येत असल्याची आंवई होती. "दोन रात्री राहूं द्या," एवढेंच तो म्हणत होता. आजी ओंजळींत भाकरी घेऊन मागें उभी होती. आजोबा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "मशीन ठेव. तिला कांही होणार नाही. तुम्ही मात्र रात्रींच निघा." त्यांनीं स्वतः यंत्राला हात देऊन तें आंत घेतलें आणि कडी लावली. आजीनें भाकरी परसदारानें नेऊन दिल्या. त्या पुढें तीं माणसें ज्वारीच्या पिकांतून कोणीकडे गेलीं, हें या घराला कधीं कळलें नाहीं.

"अण्णा वाईट नव्हते," आत्या म्हणाली, "भ्यालेले होते. घरांत आम्ही सहा पोरं. पण वाशीमला आम्हांला कोणी दारांत उभं ठेवलं नव्हतं. गोठ्याशेजारची खोली दिली होती, ओळख ना पाळख."

मी गप्प राहिलों. पुतणी मात्र यंत्राकडे पाहत होती. ती म्हणाली, "म्हणजे मशीन आत येईल एवढं दार उघडलं होतं."

पुस्तकी माणसाची खोड अशी कीं लाज वाटली कीं तो ग्रंथांच्या आडोशाला जातो. परत आल्यावर मीं पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल वाचावयास घेतला. सरकारनेंच पाठविलेल्या या समितीनें १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत हैदराबाद संस्थानांत दौरा केला. पोलिस ॲक्शनच्या वेळीं व नंतर २७ ते ४० हजार माणसें मारलीं गेलीं असावींत असा तिचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांची स्थिति सर्वांत वाईट. हा अहवाल कित्येक दशकें लोकांच्या दृष्टीस पडला नाहीं. घरांना गुपितें असतात तशीं तीं राज्यांनाही असतात! रझाकारांनीं आधीं केलेलें क्रौर्य कोणी विसरावें असें मी म्हणत नाहीं. आमचें घर त्यांच्याच भयानें उठलें होतें. परंतु त्याच अहवालांत अशीही नोंद आहे कीं कित्येक ठिकाणीं हिंदू विणकरांनीं मुसलमान विणकरांचें रक्षण केलें, आणि त्यासाठीं कोणी कोणी स्वतःचा जीवही दिला. आमच्या दाराला सागाच्या फळ्या होत्या. त्या विणकरांच्या दारांना काय होतें कोण जाणे.

मुलांच्या कादंबऱ्यांतलीं दारें वेळेवर उघडतात. या गोष्टीबद्दल पूर्वीं मला थोडा तुच्छभाव होता; आतां तो राहिला नाहीं. सेरेलियरच्या त्या शेतकऱ्यालाही भय असणारच, हुकूम तर त्याच्या डोक्यावर होताच. दहा वर्षांच्या वाचकाला तो मनुष्य अशक्य वाटत नाहीं, चमत्कारिक वाटतो तो त्याचा राग न येणें. आणि माझ्या आजोबांचें वागणें मात्र तिला मुळींच कळलें नाहीं. मला तें पुरतें कळलें. दोहोंपैकीं कोणाची समज अधिक पक्व म्हणावी?

त्या रात्रीं ओसरीवरच्या कीर्तनांत बुवांनीं औंढ्याची कथा लावली. नागनाथापुढें भजन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनीं हटविलें, ते देवळामागें जाऊन गाऊं लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलें. कीर्तन अर्ध्यावर टाकून उठण्याची आत्याला संवय नाहीं. त्या दिवशीं ती उठून आंत आली आणि यंत्राशेजारीं बसली. पोरीनें तिला विचारलें, "त्यांच्या मुलीचं नांव काय होतं?" आत्यानें तें ताबडतोब सांगितलें. इतक्या वर्षांत या घरांत तें नांव उच्चारलेलें मीं ऐकलें नव्हतें. दोघी एकाच वयाच्या, दुकानाच्या ओट्यावर चिंध्यांच्या बाहुल्या करीत खेळलेल्या.

सकाळीं दिंड्या हलल्या. पुतणीनें कादंबरीचें शेवटचें कोरें पान उघडलें व तें नांव तेथें लिहूं का म्हणून विचारलें. मी म्हणालों, "पेन्सिलीनं लिही." पुस्तक खराब होऊं नये म्हणून म्हणालों, कीं आणखी कशासाठीं, तें मला सांगतां येत नाहीं. तिनें माझ्या खिशांतलें पेन काढून घेतलें आणि शाईनें लिहिलें.