रद्द शुल्का

शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर कोडला हात लावू नये, हे शहाणपण मला जरा उशिराच आलं.

काम तसं किरकोळ होतं. ॲपच्या मराठी स्क्रीन्सवर जिथे 'कर' असेल तिथे 'शुल्क' करायचं. फाइल्स पन्नासेक, हातानं कोण बदलत बसणार? पायथनमध्ये दहा ओळींचं स्क्रिप्ट लिहिलं. नुसतं 'कर' शोधलं तर 'लवकर'चं 'लवशुल्क' होईल, एवढी अक्कल होती. म्हणून दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी लावला, म्हणजे वर्ड बाउंडरी. अख्खा शब्द 'कर' असेल तरच बदल. डिफ न वाचताच कमिट केलं आणि घरी. शनिवारी रिलीज झालं.

रविवारी सकाळी आईचा फोन. "अरे, तुमच्या ॲपमध्ये 'रद्द शुल्का' असं आलंय. रद्द करायचे पैसे पडतात का? मी काही बटण दाबलं नाही बाबा."

लॅपटॉप उघडला. 'जमा करा'चं 'जमा शुल्का', 'खात्री करून घ्या'चं 'खात्री शुल्कून घ्या'. हसू की रडू!

झालं होतं असं. पायथनच्या 're' अर्थात 'आरई' मॉड्यूलच्या लेखी शब्द म्हणजे अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर. पण काना, वेलांटी, उकार, मात्रा ही यूनिकोडमध्ये अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. त्यामुळे 'करा'मधला शब्द र पाशीच संपतो आणि काना बाहेर राहतो. खात्री करायला 'मराठी' या शब्दावर बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस चालवून पाहिलं. उत्तर आलं: 'मर' आणि 'ठ'. घ्या!

खरं तर यूनिकोडच्या यूटीएस १८ या दस्तऐवजात अशी चिन्हं शब्दातच धरा असं सांगितलंय. पण प्रत्येक इंजिन ते पाळत नाही. मी शेवटी बॅकस्लॅश बी काढून टाकला आणि लुकअराउंड वापरून सरळ अट घातली: 'कर'च्या आधी किंवा नंतर देवनागरी ब्लॉकमधलं (०९०० ते ०९७एफ) काहीही असलं तर हात लावू नकोस. यावेळी डिफची प्रत्येक ओळ वाचली.

रेजेक्सला दोष देण्यात अर्थ नाही. बाराखडी मी पहिलीत शिकलो. 'शब्द कुठे संपतो' हे मात्र मशीनला विचारायला गेलो, आणि त्याचं उत्तर तपासलंही नाही. तपासलं ते आईनं, चष्मा लावून.

सोमवारी तिला म्हटलं, "आता बघ." पलीकडून थोडा वेळ शांतता. मग, "हां, 'रद्द करा' आलं. दाबू ना?"