एकटी टेस्ट

बग शोधायला बसले की मी पूर्ण सूट बाजूला ठेवते आणि फेल झालेली एकच टेस्ट चालवते. पायटेस्टमध्ये फाइलचं नाव, दोनदा कोलन, टेस्टचं नाव, एंटर. जेस्टमध्ये टेस्टला ‘ओन्ली’ जोडूनही हे जमतं, पण ते ओन्ली चुकून कमिट झालं तर त्या फाइलमधल्या बाकीच्या टेस्ट मुकाट्याने वगळल्या जातात आणि बिल्ड हिरवाच दिसतो. त्यामुळे मी निवड कमांड लाइनवरूनच करते. कोडला हात लागत नाही.

वेळ वाचतो हे तर आहेच. पूर्ण सूट चालेपर्यंत चहा होतो, मेसेज वाचून होतात आणि आपण काय पडताळत होतो तेच डोक्यातून निघून जातं. पण मला महत्त्वाची वाटते ती शांतता. ज्या फंक्शनला शेकडो टेस्ट हाक मारतात तिथे ब्रेकपॉइंट लावून बघा. भलत्याच ठिकाणी थांबत राहतो. एकटी टेस्ट असली की तो थांबतो तेव्हा समोरचं प्रत्येक व्हेरिएबल आपल्याच प्रश्नाचं असतं.

आणि कधी कधी एकटी चालवली की टेस्ट पास होते. अनेक जण इथे वैतागून ‘फ्लेकी आहे’ म्हणतात आणि पुन्हा चालवतात. मला मात्र तिथेच खरं काम सुरू झाल्यासारखं वाटतं.

आमच्या बिलिंगच्या कोडमध्ये असंच झालं. 1 एप्रिल 2024 ला रात्री सव्वाबारा वाजता निघालेल्या बिलावर आर्थिक वर्ष 2024-25 यायला हवं, एवढंच ती टेस्ट विचारत होती. एकटी चालवली की हिरवी. सूटमध्ये लाल, आणि उत्तर 2023-24. मग आधी चालणाऱ्या टेस्टपैकी निम्म्या तिच्यासोबत चालवल्या, लाल आली की त्यातल्या निम्म्या, असं करत शेवटी एकच शेजारीण उरली. ती अहवालाची टेस्ट होती. ती टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यूटीसी करायची, टीझेडसेट बोलवायची आणि तसंच सोडून जायची. तिच्यानंतर सगळ्या प्रोसेसचं घड्याळ साडेपाच तास मागे. सव्वाबाराचे झाले आदल्या संध्याकाळचे पावणेसात, तारीख 31 मार्च, वर्ष जुनं.

हे दुखणं जुनंच आहे. जावातलं जेयुनिट प्रत्येक टेस्टसाठी क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनवतं. केंट बेक आणि एरिक गामा यांनी 1997 मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात त्याची सुरुवात केली. एकीचा पसारा दुसरीच्या वाट्याला येऊ नये ही काळजी त्या रचनेतच आहे. पण ऑब्जेक्ट नवा मिळाला तरी प्रोसेस तीच राहते, आणि टाइमझोन प्रोसेसचा असतो.

शेजारणीला आवरायला लावून मोकळं होता आलं असतं. पण आमचे सर्व्हर यूटीसीवरच चालतात. म्हणजे लॅपटॉपवर एकटी हिरवी दिसणारी टेस्ट आमच्या मशीनच्या भारतीय वेळेच्या जोरावर हिरवी होती, आणि सूटमधलं ते लाल उत्तर प्रत्यक्षात घडणारं होतं. आर्थिक वर्ष काढणारं फंक्शन मशीनच्या लोकल टाइमवर विसंबलं होतं. सर्व्हरवर 1 एप्रिलच्या पहाटे साडेपाचपर्यंतचं प्रत्येक बिल जुन्या वर्षात गेलं असतं.

मग टीझेड मुद्दाम यूटीसी करणारी नवी टेस्ट लिहिली. एकटीच चालवली. लाल, अगदी त्याच उत्तरासह. आता बग हवा तेव्हा समोर उभा करता येत होता. फंक्शनमध्ये झोनइन्फो घेऊन ‘एशिया/कोलकाता’ स्पष्ट लिहिलं. हिरवी. अहवालाच्या टेस्टमध्ये पायटेस्टचा मंकीपॅच वापरला. तो व्हेरिएबल परत जागेवर ठेवतो, टीझेडसेट मात्र शेवटी आपणच पुन्हा बोलवावं लागतं, तेही फिक्स्चरमध्ये घातलं. त्यानंतर पूर्ण सूट चालवली.