कानातले बोळे

एखादी वस्तू विकत घेतल्याचे सुख मोठे, की ती घ्यावी की न घ्यावी या विचारात घालवलेल्या दिवसांचे सुख मोठे, असे कोणी मला विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता दुसऱ्या सुखाच्या बाजूने कौल देईन. नवी सायकल घ्यायचे मनात आलेला माणूस गावातल्या प्रत्येक सायकलची घंटा वाजवून पाहतो. आणि सायकल एकदा घरात आली की तिच्या घंटेचा आवाज कसा आहे हे त्याला आठवतही नाही. यंदा पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत हे दुसरे सुख मी मनसोक्त भोगले. आणि वस्तू म्हणाल तर केवढी, तर डावी-उजवी दोन्ही मिळून मुठीत मावेल एवढी!

या वस्तूला मराठीत काय म्हणावे हा पहिला प्रश्न. हेडफोन डोक्यावर बसतो, आणि ही तर थेट कानाच्या भोकात शिरते. मराठीचा प्राध्यापक म्हणून वर्गात मी 'कर्णध्वनिक' असा एक भारदस्त शब्द सुचवून पाहिला. पोरे अदबीने गप्प राहिली. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, सरळ बोळे म्हणा ना!" मला तो शब्द एकदम पसंत पडला. ज्याला कोणाचे ऐकायचे नसते त्याने कानात बोळे घातले आहेत असे आपण म्हणतो. हे बोळे मात्र ऐकू यावे म्हणून घालायचे. घरातल्या मंडळींचा अनुभव विचाराल तर दोन्ही अर्थ खरे आहेत, ही गोष्ट वेगळी.

या बोळ्यांचे कुळ मोठे मनोरंजक आहे. रस्त्याने चालता चालता एकट्याने गाणे ऐकण्याची चटक जगाला लावली ती १९७९ साली निघालेल्या जपानी 'वॉकमन'ने. पण त्याचे कानपट्टे कानावर बसत. कानाच्या आत शिरणारे, हल्लीच्या चांगल्या बोळ्यांचे पूर्वज म्हणावेत असे यंत्र अमेरिकेत १९९१ साली बाजारात आले. आणि त्याच्या पोटातला आवाज करणारा भाग श्रवणयंत्रांच्या घराण्यातला होता. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी खपलेल्या विद्येचा उपयोग ज्यांना उत्तम ऐकू येते त्यांच्या चैनीसाठी झाला. विज्ञानाच्या वाटा अशाच आडवळणाच्या असतात.

माझा जुना जोड सहाशे रुपयांचा. त्याची वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधलेली. तो बदलावा असे मनात आले खरे, पण चांगल्या जोडाची किंमत नऊ हजार ऐकल्यावर सौ. म्हणाली, "नऊ हजारांत आपल्या दोघांना महिनाभर एकमेकांचे बोलणे ऐकायला लावील असे काही मिळते का बघा." तेव्हा घेण्याआधी तुलना करून पाहायचे ठरले. कानात घालायची वस्तू दुकानदार सहसा लावून पाहू देत नाहीत, आणि त्यांचेही चूक नाही. मग मी उसनवारीवर उतरलो. आपला जुना जोड. एका विद्यार्थ्याचा बिनतारी जोड. एका सहकाऱ्याचा अडीच हजारांचा. आणि पुण्याहून सुटीवर आलेल्या भाच्याचा तो नऊ हजारांचा. एकूण चार बोळे आणि दोन कान, अशी परीक्षा सुरू झाली.

पहिल्या संध्याकाळी विद्यार्थ्याचा जोड सहज पहिला आला. त्यातला तबला असा धडाडत होता की तो आपल्या छातीवरच ठेवून कोणी वाजवीत आहे असे वाटावे. हा निकाल मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना सांगितला, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून विचारले, "चौघांचा आवाज सारखा केला होता का?" मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते तेच आपल्या कानाला अधिक चांगले वाटते. तो मोठेपणा मोठेपणा म्हणून जाणवत नाही; आवाज अधिक भरलेला, अधिक गोड आहे असा भास होतो. शिवाय आवाज लहान केला की आपला कान खालचे, खर्जातले सूर अधिक प्रमाणात गमावतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवले. सभेत मोठ्याने बोलणाऱ्याचे म्हणणे अधिक खरे का वाटते याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

दुसरा नियम रबराचा. प्रत्येक बोळ्याबरोबर लहान, मध्यम आणि मोठी अशी रबरी टोपणे येतात. टोपण कानात घट्ट बसले नाही तर खर्ज फटीतून निसटून जातो, आणि मग नऊ हजारांचा बोळाही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. माणसाचे दोन्ही कान एका मापाचे असतातच असे नाही. माझ्या डाव्याला मध्यम लागते, उजव्याला मोठे. आमची लाखनी मुंबईहून कोलकात्याला जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेली. रात्रभर मालमोटारींची घरघर चालू असते. टोपण नीट बसले की ती घरघर बरीच बाहेर राहते, आणि गाणे कमी आवाजात पुरते. हा फायदा कानाच्या आयुष्याशी निगडित आहे. मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आवाज वाढला की हे तास भराभर आटत जातात. बोळा बदलून मिळतो, पण कानाचे तसे नाही.

तिसरा नियम असा, की खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नये. एका खोक्यावर सेकंदाला ४०,००० कंपनांपर्यंतचे सूर ऐकवण्याची ग्वाही होती. माणसाचा तरुण, निरोगी कान फार तर २०,००० पर्यंत जातो. पुढचा माल वटवाघळांच्या उपयोगाचा. वय वाढते तशी ही मर्यादा वरून खाली येते. मुलीने मोबाइलवर चढत्या कंपनांचा एक सूर लावला. माझ्या दृष्टीने तो केव्हाच थांबला होता, आणि ती मात्र कानांवर हात ठेवून "बाबा, बंद करा!" म्हणून ओरडत होती.

हे नियम पाळून, चारही जोडांचा आवाज होता होईल तो सारखा करून, मी परीक्षेला दुसऱ्यांदा बसलो. परीक्षेचा पहिला पेपर तंबोऱ्याचा. मिरजेच्या ज्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची सगळी करामत घोडीवर तारेखाली सरकवलेल्या एका दोऱ्यात असते. तो दोरा केसभर इकडे-तिकडे केला की तार बोलू लागते. त्यालाच जवारी म्हणतात. तंबोऱ्यावर पंचम, जोडाचे दोन षड्ज आणि खर्ज एवढेच सूर लावलेले असतात. पण तो उत्तम जुळला की कोणी न छेडलेला गंधार त्यातून आपोआप उमटतो. खर्जाच्या तारेच्या मूळ कंपनांच्या पाचपट कंपनांचा हा सूर. आपल्या गवयांनी त्याला स्वयंभू गंधार हे सुरेख नाव दिले आहे. विद्यार्थ्याच्या बोळ्यांत खर्ज असा माजला होता की गंधार त्याखाली बुडालेला. माझ्या जुन्या जोडात तो असल्याची शंका येई. अडीच हजारांत तो स्पष्ट होता, आणि नऊ हजारांत तर देवघरातल्या समईसारखा तेवत होता. या पेपरात नऊ हजार पहिले, यात वाद नाही.

पण इथेच मला एक अडचण दिसू लागली. हा तंबोरा मी प्रत्यक्ष ऐकलेला नाही. अब्दुल करीम खाँ साहेब १९३७ साली गेले. त्यांचा मूळ आवाज कसा होता हे सांगणारा कान आज कुठून आणायचा? ध्वनिमुद्रण म्हणजे चित्र, आणि ज्याचे चित्र आहे तो माणूस आपण पाहिलेला नाही. मग हे चित्र हुबेहूब आणि ते नाही, हे कशाच्या जोरावर म्हणायचे? 'खरा आवाज' म्हणून आपण जे निवडतो तो पुष्कळदा आपल्याला आवडलेला आवाज असतो.

ज्याचे मूळ मला पक्के ठाऊक आहे असा एकच आवाज माझ्याजवळ आहे. आईचा. १९९७ साली मी महाविद्यालयात जाऊ लागलो होतो. शेजाऱ्यांकडून टेपरेकॉर्डर आणून एका दुपारी तिच्या जात्यावरच्या ओव्या मी एका कॅसेटवर भरून घेतल्या. आई जाऊन पंधरा वर्षांवर होऊन गेली. कॅसेट झिजायला आली तेव्हा ती मोबाइलवर उतरवून घेतली, आणि आता त्या ओव्या कागदावर उतरवण्याचे काम मी चालवले आहे. नवा जोड हवा होता तो याच कामासाठी.

आणि त्या कामात एक शब्द अडला होता. आमची बोली झाडीबोली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीची. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा दीर्घकाळ अभ्यास करून तिला विद्वानांच्या बैठकीत मानाची जागा मिळवून दिली. या बोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत. 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'र'. डोळ्याला आम्ही 'डोरा' म्हणतो. आईच्या एका ओवीत हा शब्द दोनदा येतो. तो 'डोरा' लिहायचा की 'डोळा'? 'ळ' म्हणताना जीभ वळून टाळूला टेकते आणि आवाज तिच्या बाजूंनी वाहतो. 'र'मध्ये ती एक टिचकी मारून सुटते. फरक निमिषाचा, आणि त्यावर जात्याची घरघर. जुन्या जोडात हे दोन्ही वर्ण एकच वाटत. बिनतारी जोडात जात्यापुढे आईच ऐकू येईना.

अडीच हजारांच्या जोडात मी ती ओवी लावली. पहिल्यांदा आला तो स्वच्छ 'डोरा'. मग एक छोटासा श्वास. आणि दुसऱ्यांदा, तितकाच स्वच्छ, किंचित जपून उच्चारलेला 'डोळा'.

मी ती ओवी किती वेळा ऐकली ते मोजले नाही. समोर टेप फिरतो आहे, आणि आपले शिकणारे पोर ऐकते आहे, हे त्या दोन शब्दांच्या मधल्या श्वासात तिच्या ध्यानात आले असावे. जन्मभर जिभेवर नसलेला एक वर्ण तिने जात्याचा खुंटा न सोडता माझ्यासाठी उचलून आणला होता. आता माझ्या वहीत पहिल्या जागी 'डोरा' आहे आणि दुसऱ्या जागी 'डोळा', आणि ते तसेच छापले जाईल.

नऊ हजारांच्या जोडातही हे दोन्ही वर्ण तितकेच स्पष्ट होते. पण त्याबरोबर कॅसेटची सळसळ, शेजारच्या टेपची गरगर, सारेच स्पष्ट होते. तेव्हा कोणता जोड आईच्या जवळचा, याचा निकाल द्यायला मी साकोलीहून ताईला बोलावले. आईचा आवाज माझ्यापेक्षा दहा वर्षे अधिक तिने ऐकलेला. तिला किंमती सांगितल्या नाहीत. बोळे कानात घालून घ्यायला ती आधी तयार होईना. "कान दुखंल," म्हणाली. मग डोळे मिटून चारही जोड तिने ऐकले. माझा जुना जोड काढून ठेवीत ती म्हणाली, "ह्याच्यात माय फोनवरून बोलते." तिने टेलिफोनचे शास्त्र वाचलेले नाही. पण जुना टेलिफोन सेकंदाला ३०० ते ३४०० कंपनांपलीकडचे सूर गाळून टाकीत असे, म्हणून तर त्यावर नाव सांगताना 'स' की 'फ' असा घोळ होई. नऊ हजारांच्या जोडाविषयी म्हणाली, "ह्याच्यात मायपेक्षा मशीनच जास्त आयकू येते." अडीच हजारांचा जोड मात्र तिने काढलाच नाही. बऱ्याच वेळाने, डोळे न उघडता म्हणाली, "बाबू, ह्याच्यात माय आंगनात बसली हाये."

तोच जोड मी मागवला. भाच्याच्या मते मी तंबोऱ्यावर अन्याय केला, आणि तंबोरा ऐकण्यासाठीच ज्याला जोड घ्यायचा असेल त्याने भाच्याचेच ऐकावे. सौ.चे म्हणणे असे, की साडेसहा हजार रुपये वाचले, म्हणजे ते तिचे झाले. या हिशेबाशी मी वाद घातलेला नाही.

तुम्हालाही यंदा असे काही घ्यायचे असेल, तर आवाज सारखा करा, टोपण मापाचे घाला, आणि प्रत्यक्ष ओळखीचा एक आवाज परीक्षेला बसवा. असा आवाज घरात मुद्रित करून ठेवलेला नसेल तर दिवाळीचे चार दिवस त्याला फार सोयीचे आहेत. फराळ करून मंडळी बसली की पंखा बंद करायचा, मोबाइल वडीलधाऱ्यांपासून हातभर अंतरावर उशीवर ठेवायचा, आणि त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्यायचे. भाऊबीजेला ताई आमच्याकडे येणार आहे. तिला अजून काही सांगितलेले नाही. उशी मात्र काढून ठेवली आहे.